वाचकांची पत्रं : ओसरीवरची माणसं

गेल्या अंकात मी एपिक्टेटसच्या दिव्याची गोष्ट सांगितली होती. एपिक्टेटस म्हणजे रोमन काळातला, आधी गुलाम असलेला स्टोइक तत्त्वज्ञ. त्याच्या घरातला लोखंडी दिवा चोराने नेला. तेव्हा तो म्हणाला, उद्या मातीचा आणू. जे आपल्याजवळ असतं तेच जातं. एवढ्याशा गोष्टीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली तीन या वेळी घेते. तिन्ही पत्रांचा रोख स्टोइकांवर आहे आणि तिघांनी तीन वेगळ्या जागी बोट ठेवलं आहे. ज्यांनी मागचा अंक वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सायप्रसहून आलेला झीनो अथेन्सच्या बाजारचौकात, चित्रं काढलेल्या एका खांबांच्या ओसरीत शिकवायचा. त्या ओसरीला ग्रीकमध्ये ‘स्तोआ’ म्हणत. म्हणून ही माणसं स्टोइक. माझ्या वर्गातली मुलं त्यांना ‘ओसरीवाले’ म्हणायची, आणि मलाही ते नाव आवडतं.

पत्र पहिलं

*बाई, नमस्कार. माझं वय ७१. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी विज्ञान शिकवत होतो. तीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलं. घरात देव्हारा नाही. पत्नीला सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. आता तिला अंथरुणात कूसही बदलता येत नाही, रात्री दोनदा उठून मी बदलतो. वहिनी अंगारा घेऊन येतात, शेजारी म्हणतात, ‘आता तरी देवाचं काहीतरी करा.’ मी भांडत नाही. पण रात्री मनात येतं, यांच्याकडे विठोबा आहे, माझ्याकडे काय आहे? तुमचं सदर वाचून एपिक्टेटस मागवला. त्यात दर दोन पानांनी देव. जे दार मी चाळीस वर्षांपूर्वी बंद केलं, त्यातूनच हा मला पुन्हा आत नेतोय का? आणि ‘जे आपल्या हातात नाही ते सोडून द्या’ हे वाक्य रात्री तीन वाजता वाचलं की दिलासा मिळत नाही, संताप येतो. देव न मानणाऱ्याने या लोकांकडून घ्यावं तरी काय?*

उत्तर : तुमच्या संतापापासूनच सुरुवात करते. तो माझ्या ओळखीचा आहे.

माझे यजमान अर्धांगाच्या झटक्यानंतर दोन वर्षं दोन महिने अंथरुणावर होते. त्यांना पाणी गिळता येत नव्हतं, ठसका लागायचा. जे काही द्यायचं ते घट्ट करून. मी नाचणीची पेज करायचे. हनुवटी खाली, अर्धा चमचा, मग थांबायचं. कंठमणी वर जाऊन खाली आला की पुढचा चमचा. एका वाटीला चाळीस मिनिटं लागायची. त्या दिवसांत एका रात्री मी एपिक्टेटसचं ते लहानसं हँडबुक उघडलं आणि तिसऱ्या प्रकरणावर आले. मुलाचा किंवा बायकोचा मुका घेताना मनाशी म्हणा, मी एका मर्त्य माणसाचा मुका घेतोय. म्हणजे ते माणूस गेलं तरी तुम्ही हादरणार नाही, असा त्याचा आशय आहे. हे प्रकरण मी कॉलेजात २९ वर्षं शिकवलं. परीक्षेत त्यावर प्रश्न काढले, उत्तरं तपासली. त्या रात्री पुस्तक मिटलं आणि फ्रिजवर ठेवून दिलं. गोळ्यांच्या पिशवीखाली ते चार महिने पडून होतं. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे असं मला आजही वाटतं. दुसरा अर्धा मला पटत नाही, आणि पटवून घ्यायची गरजही वाटत नाही.

पुन्हा त्याच्याकडे गेले ते दुसऱ्या वाटेने. त्याचा विद्यार्थी एरियन याने त्याची प्रवचनं उतरवून ठेवली आहेत. त्यांतल्या पहिल्या पुस्तकाचं अकरावं प्रकरण तुम्ही आजच काढा. एक सरकारी अधिकारी एपिक्टेटसकडे येतो. संसार कसा चाललाय, असं विचारल्यावर म्हणतो, फार वाईट. परवा माझी लहान मुलगी आजारी पडली, जगते की नाही अशी अवस्था. मला तिच्याजवळ बसवेना. मी घरातून निघून गेलो, ती बरी झाल्याचा निरोप आला तेव्हाच परतलो. एपिक्टेटस विचारतो, तू केलंस ते बरोबर होतं का? तो म्हणतो, स्वाभाविक होतं, सगळ्या बापांचं असंच होतं. मग एपिक्टेटस एकेक प्रश्न टाकत जातो. तिच्या आईचं तिच्यावर प्रेम आहे ना? मग तिनेही निघून जायला हवं होतं का? आणि दाईने? तिला सांभाळणाऱ्या नोकराने? म्हणजे ज्यांचं ज्यांचं प्रेम आहे त्या सगळ्यांनी तिला सोडून जायचं, आणि तिने परक्यांच्या हातात मरायचं? तू आजारी पडशील तेव्हा तुझ्या माणसांनी तुझ्यावर असंच प्रेम करावं, असं तुला वाटतं का?

हे प्रकरण मी पेजेची वाटी शेजारी ठेवून वाचलं होतं. भावना आवरायची ती कशासाठी, हे मला तिथे समजलं. खोलीत थांबता यावं यासाठी. तुम्ही रात्री दोनदा उठता, कूस बदलता, पाठीखाली उशी सरकवता, आणि तेही सहा वर्षं. त्या अधिकाऱ्याला जे जमलं नाही ते तुम्ही रोज करताय. माझ्याकडे काय आहे, असं तुम्ही विचारलंत. मला तर वाटतं, एपिक्टेटसला जे शिकवायचं होतं ते तुमच्या हातांना केव्हाच आलं आहे.

आता देवाचं. इथे मी काहीही मऊ करून सांगणार नाही. ओसरीवाले देव मानत होते. हे विश्व विवेकी आहे, त्याला ते ‘लोगॉस’ म्हणत, झ्यूस म्हणत; जे घडतं ते त्याच्या योजनेने घडतं अशी त्यांची धारणा होती. झीनोच्या नंतर शाळा चालवणाऱ्या क्लीन्थीसने झ्यूसचं स्तोत्र लिहिलं. एपिक्टेटस तर म्हणतो, मी कोकिळ असतो तर कोकिळासारखा गायलो असतो. मी लंगडा म्हातारा, विवेक असलेला प्राणी, देवाची स्तुती करण्यावाचून दुसरं काय करू? स्टोइक म्हणजे त्या काळचे नास्तिक, असं हल्ली काही जण सांगतात. ते खोटं आहे.

मग देव काढून घेतल्यावर काय कोसळतं आणि काय उभं राहतं?

‘जे होतं ते भल्यासाठी’ हे कोसळतं. आपल्या अधू पायाबद्दल एपिक्टेटस म्हणतो, एका पायासाठी साऱ्या विश्वाला दोष देऊ? विश्वाची योजना मानणाऱ्याला हा सौदा करता येतो. तुम्हाला आणि मला येत नाही. मेंदूच्या एका भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, हे तुम्ही मला माझ्यापेक्षा नीट समजावून सांगाल. तो आजार कोणी पाठवलेला नाही. त्यामुळे तो कुणाची परीक्षा नाही, तुमच्या पत्नीचं कुठलं कर्म नाही, आणि देव्हारा नसल्याची शिक्षाही नाही. त्यातून काही शिकायचं बंधनही तुमच्यावर नाही. मला या मोकळेपणाचा आधार वाटत आला आहे. तुम्हाला वाटतो का, ते कळवा.

उभं काय राहतं ते मार्कस ऑरेलियस सांगतो. तो रोमचा सम्राट होता आणि स्टोइकही; देवांना मानायचा, यज्ञयाग करायचा. पण वहीत स्वतःसाठी लिहिताना तो पुन्हा पुन्हा एका प्रश्नाशी येतो : विश्वात योजना आहे की नुसते अणू? त्या वहीच्या (‘मेडिटेशन्स’) नवव्या पुस्तकात त्याचं उत्तर आहे. देव असेल तर सगळं ठीकच आहे. आणि सगळं वाटेल तसं चाललं असेल, तर निदान तू तरी वाटेल तसं वागू नकोस. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विशीत होते, आणि मला वाटलं होतं की ही पळवाट आहे. आता मी त्याला मोठी हिंमत समजते. आपल्या वागण्याचा पाया देवाच्या असण्यावर टाकायचा नाही, हे एक आस्तिक माणूस स्वतःला बजावतो आहे. धर्मनिरपेक्ष मानवतावादाची, म्हणजे देवाऐवजी माणसाला पाया मानणाऱ्या विचाराची, सुरुवात नेमकी इथून होते.

या वाटेने पुढे गेलेली माणसं आहेत. लॉरेन्स बेकर या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९८ मध्ये एक पुस्तक लिहून प्रश्न केला की ओसरी बंद पडली नसती, विज्ञानाबरोबर चालत राहिली असती, तर आज तिचं नीतिशास्त्र कसं असतं? विश्वयोजना त्याने काढून टाकली आणि ‘निसर्गाला अनुसरा’ या ओसरीवाल्यांच्या सूत्राचा अर्थ ‘वस्तुस्थिती जाणून मग ठरवा’ असा लावला. त्याला स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता, हे मुद्दाम सांगते. दुसरे अल्बर्ट एलिस. पक्के नास्तिक. ‘माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची मतं करतात’ या एपिक्टेटसच्या वाक्यावरून त्यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचार उभा केला. मुंबईत कि. मो. फडके यांनी तो रुजवला. १९७१ साली अमेरिकन ह्युमॅनिस्ट असोसिएशनने एलिस यांना त्या वर्षीचे मानवतावादी म्हणून गौरवलं.

एलिस यांची एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. ‘व्हायलाच हवं’, ‘होता कामा नये’ या हट्टांवर ते बोट ठेवत. तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही लिहून खोडली आहे, पण वाचता येते : ‘कधी कधी मला तिचा कंटाळा येतो.’ मलाही यायचा. पेजेच्या पंचविसाव्या मिनिटाला यायचा. मला कंटाळा येताच कामा नये, असा हट्ट मी धरला होता, आणि कंटाळ्यापेक्षा त्या हट्टानेच मी जास्त दमले. कंटाळा आला तरी चमचा हातात असतो. तेवढं पुरतं.

शेवटचं, ‘आपल्या हातात’ या शब्दांविषयी. ग्रीकमध्ये तो शब्दप्रयोग ‘एफ हेमिन’ असा आहे, आणि त्यातला ‘हेमिन’ अनेकवचनी आहे : ‘आपल्यावर’ अवलंबून असलेलं. एपिक्टेटसच्या मनात प्रत्येकाची आपापली निवड, आपापला निर्णय एवढंच होतं, हे मला मान्य आहे. पण मी ते अनेकवचन गंभीरपणे घेते. तुम्ही ज्या चळवळीत होतात तिचंच पाहा. जादूटोणाविरोधी कायदा एकट्या कुणाच्या हातात होता का? वर्षानुवर्षं तो लटकत राहिला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. एकट्याच्या हातात जे नसतं ते पुष्कळदा पुष्कळांच्या हातात असतं. ओसरीवाल्यांना हे पुरेसं दिसलं नाही. मानवतावाद्यांनी त्यात घातलेली भर ती हीच.

तुमच्या घरापुरतं याचं भाषांतर करते. वहिनींना म्हणा, अंगारा नको, पण आठवड्यातली एक रात्र तुम्ही बसा. कूस कशी बदलायची ते दाखवा, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. त्यांना काहीतरी करायचं आहे, आणि आजवर त्यांच्या हाताला अंगाऱ्याशिवाय काही मिळालेलं नाही. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा.

पत्र दुसरं

*ताई, मी ठाण्यात राहते, बँकेत आहे. मुलगा २३ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. वर्षभरापासून मोबाइलवर मार्कस ऑरेलियसचे व्हिडिओ बघतो, पहाटे गार पाण्याने अंघोळ करतो, भिंतीवर वाक्यं लिहून चिकटवतो. गेल्या महिन्यात माझ्या सासूबाई गेल्या. त्यांनीच याला वाढवलं. हा रडला नाही. मी जवळ घेतलं तर म्हणाला, ‘आई, मृत्यू इनडिफरंट असतो.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तत्त्वज्ञान माणसाला दगड करतं का?*

उत्तर : ताई, आधी एक विचारते. आजी आजारी असताना तो कुठे होता? तुम्ही लिहिलं नाहीत. सुट्टी काढून आला असेल, रिक्षा करून डॉक्टरकडे नेलं असेल, शेवटच्या रात्री जागला असेल, तर डोळ्यांतल्या पाण्यावरून त्याचं माप काढू नका. काही जणांचं रडू सहा महिन्यांनी येतं, तेही कुठल्या तरी भलत्याच वेळी, आजीच्या हातचा गोडा मसाला संपला की.

पण ते वाक्य त्याने चुकीच्या पुस्तकातून घेतलंय, किंवा अर्धंच घेतलंय. ‘इनडिफरंट’ हा ग्रीक ‘अदियाफोरा’चा इंग्रजी उतारा. ओसरीवाल्यांचं म्हणणं असं की माणसाचं चांगलं-वाईट ठरतं ते त्याच्या वागण्यावरून; आरोग्य, पैसा, आयुष्य यांवरून नाही. म्हणून या गोष्टी त्या मोजमापाबाहेर. पण मोजमापाबाहेरच्या गोष्टींतही काही हव्याशा आणि काही नकोशा असतात, असं त्यांनीच पुढे सांगितलं. माणसाने आजीच्या जगण्याची इच्छा धरणं, तिच्यासाठी धावपळ करणं, हे त्यांच्या लेखी योग्यच आहे. ‘काही फरक पडत नाही’ असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

तुमच्या मुलाला मार्कस आवडतो ना? मग त्याला मार्कसची ही गोष्ट सांगा. ती जुन्या रोमन चरित्रसंग्रहात आहे. मार्कस तरुण होता, त्याला वाढवणारा शिक्षक वारला आणि तो रडू लागला. दरबारचे सेवक त्याला थांबवू लागले, राजपुत्राने असं करू नये म्हणून. तेव्हा त्याचा दत्तक पिता, सम्राट अँटोनायनस पायस म्हणाला, ‘त्याला माणूस होऊ द्या. तत्त्वज्ञान काय किंवा राज्य काय, माया काढून घेत नाही.’

त्याच मार्कसच्या वहीचं पहिलं पुस्तक संपूर्णपणे आभाराचं आहे. आजोबांकडून काय मिळालं, आईकडून काय, शिक्षकाकडून काय, एकेकाचं नाव घेऊन. व्हिडिओवाले ते पुस्तक सोडून देतात, कारण त्यातून भिंतीवर चिकटवण्याजोगं वाक्य निघत नाही. मुलाला म्हणा, आजीकडून काय मिळालं ते एका कागदावर तसंच लिही. मला खात्री आहे, कागद अर्धा भरायच्या आत काय व्हायचं ते होईल.

रोमन स्टोइक सेनेकाचं ६३ वं पत्रही त्याला द्या. मित्र गमावलेल्या ल्युसिलियसला तो लिहितो, डोळे कोरडेही नसावेत आणि वाहूनही जाऊ नयेत. पुढे कबूल करतो की माझा प्रिय सेरेनस गेला तेव्हा मी स्वतः इतका रडलो की दुःखाने ज्यांचा पराभव केला अशांत माझं नाव घालावं लागेल. सांगणाराही तिथे पोचलेला नव्हता, हे त्याने झाकून ठेवलं नाही. तेविसाव्या वर्षी हे कळलं तर बरंच.

आणि एपिक्टेटस, ज्याच्या मुका घेण्याच्या वाक्यावर मी वर रागावले आहे, त्याचं एक सांगून थांबते. तो बहुतेक आयुष्य एकटा राहिला. म्हातारपणी त्याच्या एका मित्राने गरिबीपोटी आपलं मूल टाकून द्यायचं ठरवलं. एपिक्टेटसने ते मूल घेतलं आणि त्याला वाढवण्यासाठी एका बाईला घरी आणलं. लंगडा, म्हातारा, ज्याच्या घरातून चोराने न्यावा असा एकच दिवा होता, त्याने ते मूल घरात आणलं. याला दगड म्हणायचं का?

पत्र तिसरं

*मॅडम, मी नांदेडला एम.ए. तत्त्वज्ञान करतो. तुम्ही स्टोइक आणि आजचा मानवतावाद यांची सांगड घालता. मला ती ओढूनताणून घातलेली वाटते. स्टोइकांनी गुलामगिरी मोडली नाही. सेनेकाकडे स्वतःचे गुलाम होते, मार्कस तर सम्राट. माझ्या घरच्यांनी जे भोगलंय ते बघता ‘गुलामाशी प्रेमाने वागा’ या उपदेशाचं मला कौतुक नाही. आमचे एक सर म्हणतात की हे सगळं गीतेतल्या स्थितप्रज्ञात आलंच आहे. तुमचं मत? आणि वाचायला सुरुवात कुठून करू?*

उत्तर : तुझ्या आक्षेपाने मला आनंद झाला, आणि तो बरोबर आहे. आधी सरांचं लवकर आटोपते. सुखदुःखात समबुद्धी हे दोन्हीकडे आहे, साम्य खरं आहे. पण स्थितप्रज्ञाला पुढे कुठे जायचंय आणि ओसरीवाल्याला कुठे, हे पाहिलं की वाटा फुटतात. स्थितप्रज्ञाच्या वर्णनाचा शेवट ब्रह्मनिर्वाणात आहे. ओसरीवाल्याचा शेवट बाजारचौकात, माणसांत. दोन्ही वाच, पण एकाने दुसऱ्याची गरज संपवू देऊ नकोस.

आता गुलामगिरी. सेनेकाचं ४७ वं पत्र तू वाचलेलं दिसतंय. ‘ते गुलाम आहेत,’ लोक म्हणतात. ‘नाही, माणसं आहेत,’ तो म्हणतो. ‘ते आपल्याबरोबर एका छपराखाली राहतात.’ त्यांच्याबरोबर जेवायला बसा, असंही तो म्हणतो. त्यांना सोडा असं म्हणत नाही. सम्राट नीरोचा गुरू, अफाट श्रीमंत माणूस, आणि त्याची लेखणी तिथे थांबते.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या माजघरामागचा कोनाडा आठवला होता. तिथे एक कान तुटलेला कप पालथा घातलेला असायचा. धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा. चहा त्यांना आई वरून ओतायची, कप त्या स्वतः विसळून परत पालथा ठेवायच्या. आई त्यांच्याशी फार प्रेमाने वागायची. दिवाळीला लुगडं, मुलाच्या शाळेची फी, आजारपणात औषध. आणि कप कोनाड्यातच. मी नववीत असताना एकदा त्यांना आमच्यातल्या कपात चहा दिला. आईने काही बोलायच्या आधी मावशींनीच तो कप घेतला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत भीती होती. माझ्या औदार्याची किंमत त्यांना मोजावी लागली असती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा प्रेमळ वागण्याबद्दल तू लिहितोस ते मला पुस्तकातून समजून घ्यावं लागत नाही.

तरीही सांगड मी घालते. का, ते ऐक. दुसऱ्या शतकात हिरॉक्लीस नावाचा एक स्टोइक होऊन गेला. तो म्हणतो, प्रत्येकाभोवती एकात एक वर्तुळं असतात. पहिल्यात तुझं मन, मग आईबाप, भावंडं, बायकोमुलं. मग काके-मामे, दूरचे नातेवाईक, वस्ती, गाव, आणि सगळ्यांत बाहेर अख्खी मानवजात. आपलं काम हे की बाहेरच्यांना एकेक वर्तुळ आत ओढत राहायचं. त्यासाठी तो एक युक्ती सांगतो : नात्याची नावं वापरा. चुलतभावाला भाऊ म्हणा, काकाला बाप म्हणा. मराठी माणसाला हे वाचून घरी आल्यासारखं वाटतं. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, रिक्षावाल्याला दादा. पण हाक मारून माणूस वर्तुळाच्या आत येत नाही. आमच्या मावशींना आम्ही मावशीच म्हणत होतो.

मग पदरात काय पडतं? माझ्या मते एक गोष्ट पडते आणि ती मोठी आहे. विवेक प्रत्येक माणसात आहे, म्हणून माणूस माणसाचा नातेवाईक आहे, हा विचार. गुलामातही आहे, ‘एपिक्टेटस’ या नावाचा अर्थच ‘मिळवलेला’, म्हणजे विकत घेतलेला. त्याच्या मालकाचं नाव आज घेतलं जातं ते बहुधा याचा मालक म्हणून. बाईतही आहे, एपिक्टेटसचा गुरू मुसोनियस रूफस याने विचारलं, मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्यावं का, आणि उत्तर दिलं, हो. पहिल्या शतकात. हे लिहिताना मला माझ्या आजीची आठवण येते, तिला अक्षरओळख नव्हती. सेनेकाने ९५ व्या पत्रात टेरेन्सच्या नाटकातली ओळ घेतली आहे : ‘मी माणूस आहे, माणसाचं काहीही मला परकं नाही.’ टेरेन्स स्वतः गुलाम म्हणून रोममध्ये आला होता असं सांगतात. त्याच पत्रात, माणसाला पवित्र असलेला माणूस आज गंमत म्हणून मारला जातोय, असं सेनेका आखाड्यांतल्या कत्तलींबद्दल लिहितो. पवित्र कोण? देऊळ नाही, मूर्ती नाही, माणूस. १९५२ साली ॲमस्टरडॅमला जगभरच्या मानवतावादी संघटना एकत्र आल्या, तेव्हा त्यांच्या हातात हेच बी होतं. त्या वेळी निवडलेल्या उपाध्यक्षांत मानवेंद्रनाथ रॉय होते. त्याच रॉय यांच्या विचाराने वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि सासवडचे वि. म. तारकुंडे घडले, म्हणून हा धागा आपल्या अंगणातूनही गेला आहे असं मी म्हणते.

ओसरीवाल्यांनी बी ठेवलं, पेरलं नाही. समतेचा विचार त्यांनी माणसाच्या आत ठेवला, कायद्यात आणि बाजारात आणला नाही. आतून मोकळा असलेला गुलाम त्यांना पुरेसा वाटला. तुला तो पुरेसा वाटत नाही, मलाही नाही. तुझ्या घरच्यांना कोनाड्यातला कप कुणाच्या चांगुलपणाने हलवून मिळाला नाही. तो १९५० च्या संविधानाच्या सतराव्या कलमाने, आणि त्याआधी महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये जमलेल्या हजारो माणसांनी हलवला. अजून पुरता हललेला नाही. तुझ्या प्रबंधाला विषय हवा असेल तर हाच घे : विवेक सगळ्यांत आहे हे मान्य करूनही ओसरीवाले तिथेच का थांबले?

वाचायला सुरुवात एपिक्टेटसच्या हँडबुकपासून कर. पन्नासेक छोटी प्रकरणं आहेत, एका दुपारी होतात. तिसऱ्या प्रकरणाशी भांड. मग प्रवचनांतलं पहिल्या पुस्तकाचं अकरावं, मग सेनेकाची ४७, ६३ आणि ९५ ही पत्रं. मार्कस सगळ्यांत शेवटी, आणि त्यातही पाचव्या पुस्तकाची सुरुवात आधी, जिथे पहाटे उठायचा कंटाळा आलेला सम्राट स्वतःला समजावतो आहे. माझी मार्कसची प्रत संपादकांकडे ठेवते आहे, समासात पेन्सिलीने लिहिलेलं आहे. पोस्टाने मागवून घे, आणि परत पाठवताना तुझी टिपणंही त्याच समासात असू देत.